पुस्तक मिटल्यावर

आमच्या घरात अभ्यास तासांत मोजला जायचा. आई ऑफिसातून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "बसली होतीस का?" कशाला, ते सांगावं लागत नसे. दहावी-बारावीच्या घरात बसणं म्हणजे अभ्यासाला बसणं. आणि मी बसलेली असायचेच. आधी खुर्चीत, मग पलंगावर, मग गच्चीच्या जिन्यात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत जीवशास्त्राचं पुस्तक इतक्यांदा वाचून झालं होतं की कणा मोडला म्हणून बाबांनी त्याला दाभणाने दोरा घातला होता.

बारावीच्या पेपरात हृदयाची आकृती आली. ते पान मला लख्ख दिसत होतं. डावीकडचं पान, आकृती खालच्या अर्ध्यात, शेजारी चहाचा अर्धगोल डाग. तो डाग मी आजही काढून दाखवीन. उजव्या बाजूच्या झडपेचं नाव मात्र शेवटच्या घंटेपर्यंत आलं नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं तर 'त्रिदली झडप' असं तिथे निवांत छापलेलं होतं. मी कपाळावर हात मारला. हे तर येत होतं मला!

येत होतं म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडला तो तीस वर्षांनी, भाची दहावीला आल्यावर. बहीण फोनवर म्हणाली, "चार-चार तास बसते गं, पण पेपरात काही उतरत नाही." उतरणं हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला. वर कुठेतरी आहे, पण खाली येत नाही. माझी त्रिदली झडपही तशीच वर अडकली होती. या लेखासाठी मी जी भटकंती आणि जे वाचन केलं, ते त्या अडकण्याच्या मागे लागून.

सुरुवात पुण्यातून. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात अभ्यासिका इतक्या आहेत की जिन्याबाहेरचे चपलांचे ढीग बघून इमारत ओळखावी. स्पर्धा परीक्षावाले वर्षभर असतात. परीक्षा जवळ आल्या की कॉलेजची आणि बारावीची मुलं भर घालतात. आत प्लायवूडच्या आडोशांची टेबलं, प्रत्येकाला एक चार्जिंग पॉइंट, पाण्याची बाटली, देवाचा किंवा बाबासाहेबांचा छोटा फोटो, समोर चिकटवलेला 'पोस्ट काढायचीच' असा कागद. एका अभ्यासिकेच्या चालकांनी मला कोपऱ्यात बसू दिलं. शांतता एवढी की पान उलटल्याचा आवाज मोठा वाटावा, आणि तोच आवाज सतत येत होता. पानं उलटत होती. पिवळे, हिरवे, गुलाबी हायलायटर फिरत होते. एका मुलाच्या पुस्तकात रंग नसलेली ओळ शोधावी लागली असती. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काही लिहितंय, असं तासाभरात एखाददुसऱ्याच टेबलावर दिसलं.

ही मुलं आळशी नाहीत. गावाकडे कोरडवाहू शेत आहे, वडील महिन्याला मेसचे पैसे पाठवतात, अशी पोरं दहा-बारा तास त्या खुर्चीत काढतात. त्यांच्या मेहनतीवर बोट ठेवण्याची माझी तरी छाती नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मेहनत कशावर होते आहे, ते बघायला हवं. आणि ते बघायचं तर थोडा वेळ पुण्याबाहेर, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जावं लागेल.

तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक सूर्यावर, एक समुद्री ऊदमांजरावर. एका गटाने उतारा चार फेऱ्यांत वाचायचा, पुन्हापुन्हा. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचायचा आणि उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत कागद पालथा ठेवून आठवेल तेवढं लिहायचं. म्हणजे पहिल्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला, दुसऱ्याने तीन-साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के, आठवणारे ७१. इथेच गोष्ट संपली असती तर आपल्या सगळ्या आया बरोबर ठरल्या असत्या. पण काही जणांची परीक्षा आठवड्याने झाली. तेव्हा चौदा वेळा वाचणाऱ्यांच्या डोक्यात ४० टक्के उरलं होतं आणि तीनदा वाचून आठवत बसणाऱ्यांच्या डोक्यात ६१. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं.

त्यातली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट आकड्यांत नाही. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं वाटतं, असंही त्या मुलांना विचारलं होतं. सर्वांत जास्त भरवसा होता तो चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

असं का होतं, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. लक्ष्मी रोडवर समोरून चेहरा येतो. आपण हसतो, तेही हसतात, "काय म्हणताय?" होतं आणि ते पुढे गेल्यावर आपण चरफडतो, नाव काय यांचं? चेहरा ओळखणं आणि नाव आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुस्तक सातव्यांदा उघडलं की प्रत्येक ओळ ओळखीची हसते. आपण म्हणतो, हे झालं, हे येतं, पुढचं पान. परीक्षेत मात्र चेहरा समोर नसतो. तिथे नुसता प्रश्न असतो आणि नाव आपलं आपण काढायचं असतं. वर्षभर सराव केला ओळखण्याचा आणि परीक्षा झाली आठवण्याची.

याच मंडळींनी २००९ साली आपल्याच विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही अभ्यास कसा करता. ८४ टक्क्यांच्या उत्तरात 'पुन्हा वाचतो' हे होतं. पुस्तक बंद करून आठवून बघतो म्हणणारे ११ टक्के. पुढे २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धतींवरचं उपलब्ध संशोधन चाळून त्यांची प्रतवारी लावली. वरच्या प्रतीत दोनच बसल्या: स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या प्रतीत गेलं. नवी पेठेतला तो इंद्रधनुषी मुलगा मला तेव्हा आठवला. त्याच्या हायलायटरचा खर्च कुणीतरी हिशेबात धरायला हवा.

यातलं 'दिवसांवर पसरवणं' फार जुनं आहे. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाच्या गृहस्थाने १८८५ साली स्मरणावर पुस्तक छापलं. प्रयोगासाठी त्याच्याकडे माणूस एकच होता, तो स्वतः. अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरं त्याने तयार केली, त्यांच्या माळा करून पाठ केल्या, ठराविक काळ जाऊ दिला आणि त्याच माळा पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजलं. वीस मिनिटांनी वाचणारा वेळ ५८ टक्के, तासाने ४४, दिवसाने ३४, महिन्याने २१. उतार सुरुवातीला कडा असतो, मग पठार लागतं. वर्गातला धडा त्याच संध्याकाळी एकदा हाताखालून जाऊ द्या, असं जुने मास्तर का सांगायचे, ते या उतारावर उभं राहिलं की दिसतं. त्याने आणखी एक हिशेब मांडला. आदल्या दिवशी सलग ६८ आवर्तनं करून जे साधायचं, ते तीन दिवसांत वाटलेल्या ३८ आवर्तनांत साधत होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं पुस्तक 'मारणाऱ्या' हॉस्टेलवाल्यांनी हा भाव लक्षात घ्यावा: जवळजवळ पावणेदोनपट.

आता थोडं घराकडे वळते. अभ्यास हा शब्दच मुळात पुन्हा करण्याचा आहे. पाणिनीच्या व्याकरणात 'दा' धातूचं 'ददाति' होताना अक्षराची जी द्विरुक्ती होते, तिच्यातल्या पहिल्या भागाला 'अभ्यास' अशीच संज्ञा आहे. आपल्याकडे पुनरावृत्ती कधीच कमी नव्हती. वेदपाठकांनी तर शब्द सरळ म्हणून समाधान मानलं नाही. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. घनपाठात तिसराही त्या वेणीत. पुस्तक नाही. जे आहे ते तोंडातून काढून दाखवायचं.

वेदपाठशाळा फार थोड्यांच्या वाट्याला आल्या. बाकीच्यांसाठी दारं बंदच होती, हेही इथेच म्हटलेलं बरं. पण परवचा पुढे पुष्कळ घरांत पोचला. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओळीने बसायचं आणि बे एके बेपासून पाढे. मग पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, आणि पोचलाच तर औटकी. माझी आजी चौथी शिकलेली. तिच्याकडून औटकीचा पाढा ऐकणं म्हणजे आगगाडी जाताना बघणं. आम्हा नातवंडांना ती कधीही 'वाच' म्हणाली नाही. तिचा शब्द होता, 'म्हणून दाखव.' आता बघा, सेंट लुईसच्या दुसऱ्या गटाला जे करायला लावलं, ते मराठीत सांगायचं तर याहून नेमके शब्द नाहीत. रोज, थोडं, न बघता, आणि चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त. परवच्यात सगळं होतं.

आणि आपण ते फेकून दिलं. पाठांतर वाईट, घोकंपट्टी वाईट, मुलांना समजलं पाहिजे, या आंदोलनात माझ्या पिढीने उत्साहाने भाग घेतला. घोकंपट्टीवरचा राग खराच होता. अर्थ न कळता 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे' असं सुरू करून श्वास संपेपर्यंत म्हणणारी मुलं मीही पाहिली आहेत. पण घोकणं आणि आठवणं या दोन गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकल्या. घोकताना डोळे पुस्तकावर असतात. आठवताना पुस्तक मिटलेलं असतं, आणि जे समजलं नाही ते नेमकं तिथेच अडतं. कार्पिकने जानेल ब्लंटबरोबर २०११ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. एका गटाने धड्यासमोर बसून संकल्पनांचे नकाशे काढले, बाण, चौकोन, सगळं. दुसऱ्याने धडा वाचून, बाजूला ठेवून, आठवून लिहिला. आठवड्याने पाठांतराचे प्रश्न विचारले आणि डोकं लावून उत्तर काढायचेही विचारले. दोन्हींत आठवून लिहिणारे पुढे होते. समज आणि स्मरण यांचं भांडण आपण लावून दिलेलं आहे.

लातूरला जाणं मग अपरिहार्य होतं. महाराष्ट्रात परीक्षेच्या अभ्यासावर लिहायचं आणि लातूर टाळायचं, म्हणजे पंढरपूरवर लिहून चंद्रभागा टाळणं. १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झालेला हा जिल्हा. त्यातल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाची आणि पाठोपाठ इतर कॉलेजांची मुलं नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत अशी ओळीने येऊ लागली की पुण्या-मुंबईच्या भुवया वर गेल्या. 'लातूर पॅटर्न' हे सामान्यनाम झालं. कौतुकाचं आणि टोमण्याचंही. गुणांचा कारखाना म्हणून आम्ही पुण्यातली मुलं त्याला हसायचो. ज्या वर्षी हसलो त्या वर्षी यादी बघितली नाही.

आज पॅटर्नचा मुक्काम बराचसा खासगी क्लासेसमध्ये गेला आहे. उद्योग भवनाभोवतीच्या भागाला गाव 'ट्यूशन एरिया' म्हणतं. मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलं, होस्टेल, मेसचे डबे, झेरॉक्सची दुकानं, भिंतीभर टॉपरांचे फ्लेक्स. मी एका निवृत्त प्राध्यापकांकडे चहाला बसले होते. पॅटर्न म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर ते हसले. गुपित काही नव्हतं, म्हणाले. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेल्या दिवसांत मुलांकडून पेपर सोडवून घ्यायचे. सोडवलेला पेपर तपासून हातात द्यायचा, चुका दाखवायच्या, आणि पुन्हा पेपर. मुलांना कंटाळा यायचा, मास्तरांना त्याहून जास्त. गठ्ठे घरी न्यावे लागत.

तपासून हातात देणं, यावर ते पुन्हापुन्हा येत होते. मला वाटतं पॅटर्नची नक्कल करणारे इथे घसरले. परीक्षा घेणं स्वस्त असतं, तपासणं महाग. रविवारी टेस्ट, सोमवारी मोबाइलवर क्रमांक, आणि कुठे चुकलं ते बघायला वेळ कुणालाच नाही, अशी टेस्ट ही फक्त क्रमवारी असते. मुलाला तिच्यातून कळतं की तो मागे आहे; का मागे आहे ते कळत नाही. ट्यूशन एरियात संध्याकाळी क्लास सुटल्यावर जे चेहरे बाहेर पडतात, त्यांतले काही बघवत नाहीत. सोळा-सतरा वर्षांची पोरं, घरापासून दोनशे किलोमीटरवर, दर रविवारी आपला क्रमांक ऐकणारी. आठवणीचं शास्त्र लातूरने सगळ्यांच्या आधी हाताने शोधलं, हे मी मानते. त्यासाठी मुलाला एकटं पाडावं लागतं, हे मला मान्य नाही. आजी शेजारी बसून परवचा घ्यायची, तोही परीक्षेचाच प्रकार होता, आणि त्यात क्रमांक नव्हता.

गणिताचं थोडं वेगळं आहे. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचा सरावसंच उघडला की दहाही गणितं वर्गसमीकरणांचीच असणार, हे शीर्षकच सांगतं. कोणती रीत वापरायची हा गणितातला निम्मा प्रश्न, तो पुस्तकाने आधीच सोडवून दिलेला असतो. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात डग रोहरर आणि केली टेलर यांनी विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारींची मिसळ. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलगवाले २०वर आले आणि मिसळवाले ६३वर. आपल्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो. नाव मिसळीचं, पण तीही एकाच प्रकरणातली. तेव्हा घरी करायचा उद्योग सोपा आहे: श्रेढीतलं एक, संभाव्यतेतलं एक, वर्गसमीकरणातलं एक, असं चिठ्ठी काढून सोडवायचं. सरावात जास्त चुकेल. घरच्यांनी तेवढं सोसावं.

वेळापत्रकाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तो आमच्या घरचा दुखरा विषय आहे. पाच रंगांत आखलेली माझी वेळापत्रकं आईने जपून ठेवली आहेत. त्यांतलं एकही तिसऱ्या दिवसापुढे चाललं नाही. आखण्यात अभ्यास झाल्याचा जो आनंद मिळतो, तो अभ्यासाच्या मुळावर येतो. झोपेवर मात्र एक वाक्य हवंच. कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. पाठ करून झोपल्यावर जितकं उरलं, तितकं तेवढाच वेळ जागं राहिल्यावर उरलं नाही. पेपर सकाळी अकराला असतो आणि रात्रभर जागलेला मुलगा तिथे जो बसतो, तो आदल्या दिवशीचा शहाणा मुलगा नसतो.

दिवाळीच्या आधी चार दिवस बहिणीकडे राहायला गेले. लातूरहून येताना डोक्यात बरंच काही होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला शास्त्र सांगायला गेलं की ती मान डोलावते आणि मनात दुसरंच चालू असतं, हे मला माहीत होतं. म्हणून एकच सांगितलं. कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, त्यांचे चौकोन कापले. पाठच्या कोऱ्या बाजूला प्रत्येकी एक प्रश्न, दुसरीकडे, 'चि. सौ. कां.' आणि गणपतीच्या मधोमध जागा काढून, उत्तर. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे एकेक दिवस सोडून, मागचे आठवड्याने. सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२च्या पुस्तकात ही पेटी लोकांसमोर मांडली. भाचीला त्यातल्या जर्मन भागात रस नव्हता. मावशीच्या लग्नाची पत्रिका 'डोबेरायनरची त्रिके' लिहायला वापरली, याचं तिला फार हसू आलं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्याच कप्प्यात. "मला काहीच येत नाही," म्हणून ती रडकुंडीला आली आणि बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बॅग भरायचं मनात आणलं. पुस्तक उघडलं की सगळं यायचं, मिटलं की जायचं. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर ती खोकं घेऊन माझ्या खोलीत आली. "माझे प्रश्न घे ना." मी घेतले. केप्लरचा दुसरा नियम अर्धा आला. न्यूलँड्सचं अष्टक पूर्ण. काही चिठ्ठ्या दुसऱ्या कप्प्यात गेल्या, एक तिसऱ्यात. मग तिने खोकं आपल्याकडे ओढलं.

"आता मी तुझे घेते. निकटदृष्टिता म्हणजे?"

"लांबचं नीट न दिसणं." हे मला चाळीस वर्षं माहीत आहे.

"मग तुझ्या चष्म्यात कोणतं भिंग आहे?"

तो धडा मी या लेखासाठी आठवड्यात तीनदा वाचला होता. किरणांची आकृती दिसत होती. वरच्या अर्ध्यात, उजव्या पानावर. मी चष्मा काढून हातात घेतला आणि काचेवरून बोट फिरवून बघू लागले, मधे जाड आहे की कडेला.

"बघायचं नाही," ती म्हणाली, आणि चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाकली.